चोथ्याचा भाव ठरवा, मग इथेनॉलचं बोला

गेल्या एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामाच्या काजूभट्टीवर दोन दिवस होतो. सकाळी नवाच्या सुमाराला डोंगरावरून बोंडांचे डबे उतरायला लागले. मामी आणि शेजारच्या दोघीजणी बोंडाला पीळ देऊन बी सोडवत होत्या. बोंडं कोळंबीत, म्हणजे दगडातल्या उथळ हौदात, पडत होती आणि मामेभाऊ गमबूट घालून ती तुडवत होता. हौदातून रस पिंपात उतरला. मग उरलेल्या गराचा गोल ढीग करून तो वेलीने आवळला आणि वर जड दगड ठेवला. रात्रभर त्यातून नीरो, म्हणजे उरलासुरला रस, थेंबथेंब गळत राहिला. दुसऱ्या दिवशी दगड उचलला तेव्हा खाली राहिला तो चोथा. तो घमेल्याने भट्टीमागे टाकला. तिथे आधीच कमरेएवढा ढीग होता, आंबट वास सुटलेला, वर चिलटं, आणि शेजाऱ्यांची एक गाय त्यात तोंड घालून उभी.

मी रसायनशास्त्राचा माणूस आहे हे मामाला ठाऊक आहे. झाडपाल्याच्या टाकाऊ भागापासून पेट्रोलात मिसळायचं इथेनॉल होतं, हेही त्याने ऐकलं होतं. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "मगीर ही रास व्हरतले? किलोक कितले दितले?" ही रास नेतील का, आणि किलोला किती देतील.

गोव्यात इथेनॉलवर आजवर झालेल्या सगळ्या चर्चेत हा प्रश्न मी कुठे ऐकलेला नाही. कारखाना कुठे, गुंतवणूक किती, रोजगार किती, एवढंच कानावर येतं. माझं म्हणणं असं आहे की मामाच्या प्रश्नाचं उत्तर आधी छापील दरपत्रकात आलं पाहिजे आणि कारखान्याची निविदा त्यानंतर निघाली पाहिजे. वनस्पतींच्या अवशेषांना 'कचरा' म्हटलं की तो फुकटचा ठरतो. फुकटचा ठरला की त्याच्यावर उभा राहणारा सगळा हिशेब गोळा करणाऱ्याच्या पाठीवर चढतो.

आधी काम कसं चालतं ते सांगतो, कारण पैसा कुठे खर्च होतो ते त्यातूनच कळतं. मामाची भट्टी आणि इंधनाचा कारखाना, दोन्हीकडे मूळ काम यीस्टच करतं. काजूच्या बोंडावर ते निसर्गतःच असतं, मामा बाहेरून काही घालत नाही. दोन-तीन दिवसांत रस आंबतो, साखरेचं अल्कोहोल होतं, मग भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, घालून ते उकळून काढायचं. पहिल्या खेपेला हुर्राक, तो पुन्हा चढवला की फेणी. फेणीत अल्कोहोल ४२ ते ४५ टक्के. पेट्रोलात मिसळायला मात्र ९९.५ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल लागतं, आणि नुसतं उकळून ९५-९६ टक्क्यांपुढे जाताच येत नाही, कारण त्या टप्प्याला पाणी आणि अल्कोहोल जोडीनेच वाफ होऊन वर येतात. शेवटचं पाणी जिओलाइट या खनिजाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकवून काढावं लागतं. भट्टीत हे होणार नाही, त्याला यंत्रच हवं.

फळाची साखर उघडी असते. पेंढा, उसाचं चिपाड, नारळाचं सोडण, लाकूड यांतली साखर बंदिस्त असते. आपल्या जुन्या घरांतली कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा. उभ्या काठ्या म्हणजे सेल्युलोज, त्यांना बांधणारे वेल म्हणजे हेमिसेल्युलोज, आणि वरून थापलेली माती म्हणजे लिग्निन. यीस्टला काठ्यांतली साखर हवी असते, पण मातीच्या आत त्याला शिरताच येत नाही. म्हणून आधी भिंत मोडायची. यालाच पूर्वप्रक्रिया म्हणतात. सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि दीडशे ते दोनशे अंशांची दाबाखालची वाफ देऊन दाब एकदम सोडला की तंतू फुटतात. उष्णता जास्त झाली तर सुटलेल्या साखरेचंच फरफ्युरल बनतं, आणि ते यीस्टला विषासारखं लागतं. कमी पडली तर भिंत तशीच उभी. हा तोल सांभाळण्यातच कारखान्यांची बरीचशी वर्षं आणि भांडवल गेलं आहे.

भिंत मोडली तरी काम संपत नाही. सेल्युलोजच्या साखळ्या तोडायला विकरं (एन्झाइम) लागतात. ती बनवणारी सर्वांत नावाजलेली बुरशी, ट्रायकोडर्मा रीसाय, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली. तिथे अमेरिकी सैन्याचे तंबू आणि सुती कापड कुजत होतं, ते का कुजतं हे शोधताना. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांवर बुरशी चढलेली पाहणाऱ्या गोव्याच्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. आणि शेवटची अडचण अशी की हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही साखर भट्टीतलं नेहमीचं यीस्ट आंबवतच नाही. त्यासाठी वेगळे किंवा मुद्दाम घडवलेले जीवाणू आणि यीस्ट लागतात.

हे सगळं देशात आता घडतं आहे, स्वप्नातली गोष्ट राहिलेली नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने काशीपूरला दिवसाला दहा टन अवशेष घेणारा प्रायोगिक प्रकल्प चालवून दाखवला. पुण्याच्या प्राज कंपनीचं तंत्रज्ञान वापरून इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. खर्च ९०० कोटी रुपयांवर. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लीटर इथेनॉल काढायची त्याची योजना. म्हणजे टनाला १५० लीटर. धान्यावर चालणारा तेवढ्याच क्षमतेचा कारखाना याच्या कितीतरी कमी पैशात उभा राहतो. हा फरक त्या कुडाच्या भिंतीचा आहे.

पानिपतला पेंढा घ्यायचं कारण आहे. तिथे भात कापून गहू पेरायला शेतकऱ्याच्या हातात थोडेच दिवस असतात, म्हणून शेतातच पेंढा पेटवतात आणि दिल्लीपर्यंत धूर जातो. आपल्याकडे तसं नाही. दोन लाख टन पेंढा म्हणजे हेक्टरी चार-पाच टन धरले तर चाळीस-पन्नास हजार हेक्टरांचा सगळा माल. गोव्यातली सरद (पावसाळी) आणि वायंगण (उन्हाळी) अशी भाताची सगळी शेतं एकत्र केली तरी त्या आकड्याशी पोचताना दम लागतो. दिवसाला साडेपाचशे टन म्हणजे दहा टनांचे पंचावन्न ट्रक. खाण पट्ट्यातल्या गावांना रांगेने धावणारे ट्रक म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

आणि आपला पेंढा मोकळा नाही. तो गुरांचा आहे. मामीला मी पानिपतची गोष्ट सांगितली तेव्हा तिचा पहिला शब्द होता, "आनी आमच्या गोरवांनी कितें खावचें?" यंत्राने कापणी सुरू झाल्यापासून काही पेंढा शेतात विखुरलेला राहतो, सरद पिकाच्या वेळी उशिराचा पाऊस आला की तो भिजून काळा पडतो, हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे पेंढा गोळा करून गठ्ठे बांधणारं यंत्र गावात आणणं आणि तो दूध संस्थेच्या गोठ्यांपर्यंत पोचवणं. त्यासाठी सल्फ्युरिक आम्ल लागत नाही.

नारळाची सोडणं इथेनॉलला घेऊ नयेत असं मला वाटतं. त्यांत लिग्निन एवढं असतं की भिंत जवळजवळ मातीचीच. ती काथ्याला द्यावीत, किंवा आज न्हाणीघरात पाणी तापवतात तशी चुलीला. काजूच्या बागेतला पातेरा, म्हणजे गळलेला पाला, तर उचलूच नये. तो जमिनीचा आहे. त्याखालीच जांभ्यावरच्या दोन बोटं मातीत ओल टिकते. आणि शहरांतला मिश्र ओला कचरा, म्हणजे उष्टं, भाजीची देठं, माशांची डोकी, हा बायोगॅससाठीच बरा. साळगावचा प्रकल्प २०१६ पासून तेच करतो. बायोगॅसच्या टाकीला सरमिसळ चालते, यीस्टला चालत नाही.

मग उरतं काय? माझ्या मते दोनच गोष्टी उरतात. एक ऊस. धारबांदोड्याचा संजीवनी हा गोव्यातला एकमेव साखर कारखाना, आणि २०१९-२० पासून त्याचं गाळप बंद आहे. सांगे, धारबांदोडा, केपे, काणकोणचे ऊसवाले तेव्हापासून शब्दांवर जगताहेत. सरकारी साहाय्य मिळालं, खासगी भागीदारीत इथेनॉल प्रकल्प करण्याच्या घोषणा झाल्या, निविदांचा घोळ झाला, आणि दरम्यान अनेकांनी ऊस मोडून दुसरं काही लावलं. तिथे पुन्हा ऊस गाळला गेला तर मळी, म्हणजे साखर काढून उरलेला गोड पाक, मिळेल आणि चिपाडही मिळेल. चिपाड मात्र कारखान्याच्या बॉयलरलाच लागतं हे लक्षात ठेवायला हवं. बाहेरचं वीज-इंधन घेऊन चिपाडाचं इथेनॉल करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार होईल.

दुसरी गोष्ट काजू, आणि मला तिच्याविषयीच जास्त बोलायचं आहे. गोव्यात सर्वांत जास्त जमीन काजूखाली आहे, सुमारे पंचावन्न हजार हेक्टर. बोंडाचं वजन बीच्या पाच ते दहा पट असतं. आपण बी विकतो, आणि बोंडांतली जेवढी भट्टीपर्यंत पोचतात तेवढ्यांचीच फेणी होते. बाकीची झाडाखाली सडतात. सत्तरीच्या, सांग्याच्या डोंगरांत मार्च ते मे फिरून पाहा. माणसं वाकून बी सोडवून घेतात आणि बोंड तिथेच टाकतात. हीच साखर खरी बेवारस आहे. ती गुराच्या तोंडची नाही, चुलीची नाही, आणि तिला भिंत मोडायचीही गरज नाही. रस काढला की यीस्ट तयारच आहे. भट्टीमागच्या चोथ्यातही विरघळलेली साखर उरलेली असते, ती पाण्याने धुऊन निघते. चोथ्याचे तंतू मात्र मोडायला कठीण. ज्या ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी काजू आपल्याकडे आणला, तिथल्या सिअरा राज्यातल्या संशोधकांनी आम्लाची पूर्वप्रक्रिया आणि विकरं वापरून त्या तंतूंतूनही इथेनॉल काढून पाहिलं आहे. होतं, पण त्यात लिग्निन भरपूर आणि सेल्युलोज कमी. म्हणून रस आणि धुवण इथेनॉलला, तंतू बायोगॅसला किंवा खताला, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते.

आता मामाच्या प्रश्नाकडे येतो. दीडशे किलो बोंडांतून साधारण शंभर लीटर रस निघतो. त्यात साखर दहा टक्के धरली तर दहा किलो. एक किलो साखरेतून जास्तीत जास्त अर्धा किलोपेक्षा किंचित अधिक इथेनॉल निघतं. प्रत्यक्षातली गळती वजा केली तर शंभर लीटर रसाचं सहा लीटर. २०२४-२५ मध्ये तेल कंपन्यांनी उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लीटरमागे ६५.६१ रुपये दर दिला. तोच दर धरला तर दीडशे किलो बोंडांचे चारशेच्या आत रुपये. किलोमागे अडीच-पावणेतीन. यातून वाफ, यंत्र, वाहतूक, मजुरी, व्याज सगळं काढायचं. डोंगरावरून डबा डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बाईच्या हातात रुपयासुद्धा राहत नाही.

हा हिशेब मी लपवून ठेवत नाही, कारण माझा सगळा मुद्दा यातच आहे. 'कचऱ्यापासून इंधन' हे गणित बऱ्याचदा एकाच जागी जुळतं: कच्चा माल शून्य रुपयांना धरला तर. तो शून्य धरायला कोणीतरी फुकट राबावं लागतं. ती बाई फुकट राबणार नाही आणि राबूही नये. मग प्रकल्प उभा राहतो, दोन हंगाम चालतो, माल येत नाही म्हणून बंद पडतो, आणि शेवटी दोष गावावर येतो, 'लोक सहकार्य करत नाहीत'.

यावर उत्तर ठरलेलं असतं. भाव दिला तर इथेनॉल महाग होईल, आणि महाग इथेनॉल कोण घेणार. पण दुसऱ्या पिढीचं, म्हणजे पेंढ्यासारख्या अवशेषांपासूनचं, इथेनॉल आजही सरकारी आधाराशिवाय उभं राहत नाही. केंद्राने २०१९ मध्ये प्रधानमंत्री जी-वन योजना आणली, १,९६९.५० कोटी रुपयांची. तिचा पैसा प्रकल्प उभारणाऱ्याच्या तोट्याची दरी भरून काढायला आहे. म्हणजे जनतेचा पैसा जातोच आहे, पण तो यंत्राकडे जातो. माझी मागणी एवढीच की गोव्यात राज्याने जो काही आधार द्यायचा, त्याचा मोठा हिस्सा डब्यामागे, वजनावर, थेट उचलणाऱ्याच्या खात्यात जावा. भाताला, नारळाला, काजूबीला आपण आधारभूत दर देतोच. बोंडाला का नाही? माल येणार याची खात्री असेल तर यंत्र टाकणारा आपोआप येईल. उलटं कधी झालेलं मी पाहिलेलं नाही.

आसामात काय केलं ते पाहा. नुमालीगढचा बांबूपासूनचा इथेनॉल प्रकल्प सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. तिथे बांबू शेतकऱ्यांकडून विकत घ्यायचा असं पहिल्यापासून धरलेलं आहे. बांबूला कोणी कचरा म्हटलं नाही. तो प्रकल्प यशस्वी होईल की नाही ते काळ ठरवेल, पण पायरी पहिली आहे ती पहिलीच ठेवली आहे.

या सगळ्या खटाटोपाची गरज काय, असंही कोणी विचारेल. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलात २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला, आणि तो मुख्यतः मका, तांदूळ आणि ऊस यांच्या जोरावर. खाण्याच्या धान्याची टाकीत रवानगी होते हे मला मनापासून खटकतं. डोंगरात सडणाऱ्या बोंडातून निघालेल्या लीटरभर इथेनॉलने तेवढा मका वाचतो. गोव्याचा वाटा देशाच्या मानाने थेंबभर राहील हे खरं. पण मार्च ते मे या तीन महिन्यांत डोंगराळ गावांत येणारा रोख पैसा थेंबभर नसेल.

हंगाम तीन महिन्यांचाच, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नऊ महिने बंद राहणारा कारखाना कोणी काढणार नाही. म्हणून तो एकाच मालावर बेतू नये. नोव्हेंबर ते मार्च ऊस, मार्च ते मे काजू, पुढे फणस आणि बाजारातली नासकी फळं. साखर उघडी असलेला माल घेणारा लहान कारखाना, पानिपतच्या दहाव्या हिश्शाचाही नको. आंबवण्याचं काम तालुक्यातालुक्यात, पाणी काढून शुद्ध करण्याचं यंत्र एकाच जागी. बोंड दोन दिवसांत आंबतं, ते पन्नास किलोमीटर नेण्यात अर्थ नाही. आंबवून एकदा उकळलेला द्रव मात्र टँकरने नेता येतो. ओल्ड गोव्यातली केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि गोवा विद्यापीठ हाताशी आहेत. एका हंगामाची चाचणी तीन-चार भट्टीवाल्यांना बरोबर घेऊन करायला हजार कोटी लागत नाहीत.

अबकारीचं भय दाखवतील. इंधनाच्या नावाखाली दारू गळेल म्हणून. भय अगदीच खोटं नाही. पण गोव्यात अबकारी खातं दरवर्षी काजू झोनांची, म्हणजे काजूच्या डोंगरपट्ट्यांची, पावणी (लिलाव) करतं, कुठल्या डोंगरावर कोणाची भट्टी याची नोंद त्यांच्याकडे आहे. देशात इतकी बारीक नोंद असलेली दुसरी जागा मला माहीत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांना कायदा करता येतो. नियम लिहायचा अधिकार आता पणजीत आहे.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. अल्कोहोल काढून उरणारं काळं, आम्लधर्मी पाणी, ज्याला आसवनीवाले स्पेंट वॉश म्हणतात, ते लीटरभर इथेनॉलमागे दहा ते पंधरा लीटर निघतं. धारबांदोडा खांडेपार नदीच्या खोऱ्यात आहे, आणि त्याच नदीचं पाणी ओपाहून फोंडा आणि तिसवाडीच्या नळांना जातं. आसवन्यांना एक थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे, पण नियम कागदावर आणि नदी उघड्यावर. रोज किती इथेनॉल काढलं, किती पाणी निघालं, ते कुठे गेलं, हे तीन आकडे पंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. ते लावायला जो तयार नसेल त्याला परवाना देऊ नये.

दुसऱ्या दिवशी निघताना मी मामीबरोबर डोंगरावर वरच्या झाडांपर्यंत गेलो. तिने ओट्यात बिया भरल्या आणि बोंडं तिथेच टाकली, पिवळी, लाल, काही अजून कडक. मी विचारलं, ही का नाही नेत? ती म्हणाली, "तितलें वजें घेवन देंवतलो कोण?" एवढं ओझं घेऊन उतरणार कोण. मग थोडं पुढे गेल्यावर, मागे न बघता, "डब्याक बरे दिले जाल्यार हाडटलें." डब्याला बरे पैसे दिले तर आणीन.